बाळंतपण दवाखान्यात आलं, पण लेकराचा पहिला तास कुठं गेला?

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण घरात कुणी गरोदर असेल, लेक-सून-बहीण बाळंतपणाला येणार असेल, तर शेवटपर्यंत वाचा. नसेल तर ज्यांच्या घरी आहे त्यांना पाठवा. आणि पुरुष मंडळींनी 'हा बायकांचा विषय' म्हणून पुढं सरकू नये. मीही तेच केलं होतं, म्हणून तर लिहितोय.

मागच्या महिन्यात माझी भाची बाळंत झाली. आपल्याच जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात, नॉर्मल. रात्रीचे दोन वाजले असतील. बाहेरच्या बाकावर मी, माझी मोठी बहीण आणि जावई. आतून लेकराच्या रडण्याचा आवाज आला तशी आम्ही तिघंही उठून दाराशी गेलो. थोड्या वेळानं सिस्टर बाहेर आली. म्हणाली, मुलगी झाली, दोघी चांगल्या आहेत. ताईनं लगेच हात पुढं केले, "आणा न मंग, पाहू द्या लेकराले."

सिस्टर म्हणाली, "दाखवते आजी, तासाभरानं. आता ते आईच्या छातीवर आहे."

"आता? अजून दूधच उतरलं नसन तिले. पिते काय ते?"

"जेवढं आहे तेवढं त्याले पुरते," असं म्हणून सिस्टरनं दार लावून घेतलं.

ताई चिडली. तिच्या पिशवीत मधाची बाटली होती, सोबत छोटी चांदीची वाटी. घरून निघतानाच घेतली होती. ती पिशवी मांडीवर धरून ती तासभर बसून राहिली आणि मला ऐकवत राहिली की, आमच्या टायमाले असं नव्हतं, आता नर्सच आज्या झाल्या.

मी काही बोललो नाही. कारण मला तेरा वर्षांपूर्वीची रात्र आठवत होती.

माझी मुलगी जन्मली तेव्हा सिझर झालं होतं. खाजगी दवाखाना, नाव लिहीत नाही, कारण विषय त्या एका दवाखान्याचा नाही. रात्री अकराच्या सुमारास लेकरू दुपट्यात गुंडाळून बाहेर आलं. मी फोटो काढले. सासूबाईंनी घेतलं, मग माझ्या आईनं, मग ताईनं. ताई आत्या, म्हणून पहिला मान तिचा. आपल्याकडं म्हणतात ना, पहिली घुटी जो देतो त्याचे गुण लेकरात येतात. तिनं मध चाटवला. सगळ्यांनी कौतुकानं पाहिलं. दीड-दोन तासांनी लेकरू रडायला लागलं. आतून एक चिठ्ठी आली. मी गाडीला किक मारून रात्रीच्या मेडिकलवर गेलो आणि पावडरच्या दुधाचा डबा अन् बाटली घेऊन आलो. आपण बाप म्हणून काहीतरी केलं, असं फार वाटलं होतं तेव्हा.

सकाळी बायकोला वॉर्डात आणलं. तिनं पहिलं विचारलं, "तिनं काही घेतलं का?" मी म्हटलं, "हो, डबा आणला, मस्त पिली." ती काही बोलली नाही, भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. मला वाटलं टाके दुखत असतील.

पुढचे दीड महिने काय झालं ते आमच्या घराला माहीत आहे. मुलीला बाटलीची सवय लागलेली. अंगावर घेतलं की तोंड फिरवायची, रडायची. आई तिकडं रडायची. दूध साचून छातीला गाठी, ताप. घरात सगळ्यांचं एकच, "हिले दूधच नाही." शेवटी गावाकडच्या एका आशाताईनं रोज येऊन, बाजेशेजारी बसून, बाळ कसं धरायचं, तोंड किती उघडलं की लावायचं, हे शिकवलं आणि हळूहळू बाटली सुटली. मुलगी आज ठणठणीत आहे. पण ते दीड महिने टाळता आले असते आणि त्याची सुरुवात मीच आणलेल्या डब्यानं झाली, हे मला फार उशिरा कळलं.

पत्रकार असून उशिरा कळलं, हे जास्त लागतं. कारण दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट जागतिक स्तनपान सप्ताह असतो. कार्यालयातून प्रेसनोट येते. दीपप्रज्वलन, मान्यवर, मार्गदर्शन, आभार. मी ती कित्येक वर्षं तशीच्या तशी लावली आहे, फोटोसहित. त्या आठवड्यात आपल्या तालुक्यात किती लेकरं जन्मली आणि त्यातल्या कितींना पहिल्या तासात आई मिळाली, हा प्रश्न मी एकदाही विचारला नाही.

आता मुद्द्यावर येतो.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ दोघंही सांगतात, जन्मल्यापासून एका तासाच्या आत बाळ अंगावर लागलं पाहिजे. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. मग वरचं खाणं सुरू, सोबत दूध दोन वर्षं किंवा पुढंही. सहा महिन्यांचं बऱ्यापैकी लोकांना माहीत झालंय. तासाभराचं नाही.

तासच का? जन्मल्यावर पहिला तास-दीड तास निरोगी बाळ चांगलं जागं असतं, चोखायची ओढ जोरात असते. नुसतं पुसून आईच्या उघड्या पोटावर पालथं ठेवलं तर ते हळूहळू स्वतःच छातीकडं सरकतं. २००७ मध्ये युनिसेफच्या महाराष्ट्र कार्यालयानं मुंबईच्या बालरोगतज्ज्ञांसोबत याची एक फिल्मच काढली होती, ती जगभर दाखवली गेली. म्हणजे हे परदेशातलं खूळ नाही, आपल्याच राज्यातून जगाला सांगितलेली गोष्ट आहे. तो वेळ गेला की बाळ बराच काळ झोपी जातं. मग घरचे म्हणतात, "ओढतच नाही."

पहिलं दूध म्हणजे चीक. पिवळसर, चिकट, थोडंसं. थोडंसंच असतं, कारण पहिल्या दिवशी बाळाचं पोट गोटीएवढं असतं, एका वेळेला चमचाभर पुरतं. त्यात रोगाशी लढणारी द्रव्यं ठासून भरलेली असतात, म्हणून त्याला पहिली लस म्हणतात. बाळ चोखायला लागलं की आईच्या अंगात जो स्राव सुटतो, त्यानं गर्भाशय आकुंचन पावतं आणि रक्तस्राव कमी व्हायला मदत होते. म्हणजे फायदा आईचाही आहे. आणि अंगाला अंग लागून बाळाचं अंग गरम राहतं. कमी वजनाच्या लेकरासाठी ही ऊब म्हणजे जीव वाचवणारी गोष्ट.

आपली गंमत बघा. गाय व्याली की शेजारी-पाजारी चिकाची वाट पाहतात. खरवस करून वाटून खातो आपण. वासराला आधी पाजायचं असतं हेही प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे, त्याशिवाय वासरू उभं राहत नाही म्हणतो. आणि आपल्याच घरच्या बाळंतिणीचा चीक मात्र 'जड असते, पिळून टाक' म्हणून टाकायला लावणारी घरं अजून आहेत.

आफ्रिकेतल्या घाना देशात जवळपास अकरा हजार बाळांचा अभ्यास झाला, २००६ मध्ये तो छापून आला. त्यांचा अंदाज असा की, सगळ्या बाळांना पहिल्या तासात पाजलं गेलं तर महिन्याच्या आतले सुमारे २२ टक्के मृत्यू टळू शकतील. २०१८ मध्ये युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की, जगात दर पाचातल्या तीन बाळांना हा पहिला तास मिळत नाही. उशीर जितका जास्त, तितका धोका जास्त, आणि एक दिवसापेक्षा उशीर झाला तर मृत्यूचा धोका दुपटीहून अधिक.

आता आपल्याकडचे आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. चौथी फेरी २०१५-१६, पाचवी २०१९-२१. देशात दवाखान्यातली बाळंतपणं या दोन फेऱ्यांमध्ये ७८.९ टक्क्यांवरून ८८.६ वर गेली. दहा टक्क्यांची वाढ, मोठी गोष्ट. आणि तासाभरात पाजण्याचं प्रमाण? ४१.६ वरून ४१.८. म्हणजे जागच्या जागी.

महाराष्ट्र यापेक्षा पुढं आहे, पण दिशा उलटी आहे. दवाखान्यातली बाळंतपणं ९०.३ वरून ९४.७ झाली. तासाभरात पाजणं ५७.५ वरून ५३.२ वर खाली आलं.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. शंभरातल्या पंचाण्णव आया दवाखान्यात, म्हणजे डॉक्टर-नर्सच्या नजरेखाली बाळंत होतात. आणि शंभरातल्या त्रेपन्नच लेकरांना तासाभरात दूध मिळतं. मधली चाळीसेक लेकरं ढोबळमानानं दवाखान्यातच जन्मलेली आहेत, जंगलात किंवा धुऱ्यावर नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. 'आया अडाणी आहेत, जनजागृती केली पाहिजे' हे आपण वर्षानुवर्षं म्हणतोय, ते अर्धंच खरं आहे. पहिल्या तासात आई काय ठरवू शकते? ती टेबलवर पडलेली असते. टाके पडत असतात, हाताला सलाईन, अंगात कापरं. लेकरू कुणाच्या हातात जाईल हे ती ठरवत नाही. ते त्या खोलीतली कामाची पद्धत ठरवते आणि दाराबाहेर उभे असलेले आपण ठरवतो. उशीर आईमुळं होत नाही, उशीर आईभोवती होतो.

कारणं एकेक बघू.

पहिलं, कामाचा क्रम. बाळ जन्मलं की पुसणं, नाळ कापणं, मग दिव्याखाली ठेवणं, वजन, हाताला पट्टी, इंजेक्शन, रजिस्टर. तिकडं आईची वार पडायची, टाके, साफसफाई, मग पलंगावर हलवणं. सगळं उरकलं की मग कुणाला तरी आठवतं, पाजलं का? तोवर दोन तास झालेले. खरं तर बाळ रडलं, श्वास नीट घेतोय हे दिसलं, की त्याला कोरडं करून थेट आईच्या छातीवर ठेवता येतं. वजन, इंजेक्शन तासाभरानं केलं तरी चालतं, हे जागतिक आरोग्य संघटनेच्याच सूचनांमध्ये आहे. आईचे टाके पडत असतानाही बाळ छातीवर राहू शकतं. उलट तिचं लक्ष लेकरात राहतं.

पण रात्री एकच सिस्टर, दोन बाया कळा देतायत, तिसरी आत्ताच मोकळी झाली, तर ती कुणाजवळ थांबणार? इथं मला सिस्टरला दोष द्यायचा नाही. जागा रिकाम्या ठेवणाऱ्यांना द्यायचा आहे.

दुसरं, सिझर. महाराष्ट्रात ते २०.१ टक्क्यांवरून २५.४ वर गेलं, दर चारातलं एक बाळंतपण. देशभरातल्या खाजगी दवाखान्यांत तर ४७.४ टक्के, जवळपास अर्धी. गरज असेल तर सिझर जीव वाचवतं, त्यावर वाद नाही. पण सिझर झालं की 'आई आज काही पाजू शकत नाही' हे आपण गृहीतच धरतो. बहुतेक सिझर कमरेत इंजेक्शन देऊन होतात. आई जागी असते, ऐकते, बोलते. बाळ चांगलं असेल तर कुणीतरी धरून त्याला तिच्या छातीशी लावता येतं. एक डॉक्टर मित्र म्हणाला, "बोलणं सोपं आहे रे. ओटी थंड असते, जागा नसते, धरायला माणूस नसतो." बरोबर आहे त्याचं. मी म्हटलं, मग अडचण आईच्या अंगात नाही, माणूस नसण्यात आहे. तो म्हणाला, "हो, तसंच आहे."

तिसरं, रस्ता. आपला जिल्हा सोळा तालुक्यांचा. झरीहून किंवा उमरखेडहून यवतमाळ म्हणजे शंभर किलोमीटरच्या घरात. कमी वजनाचं किंवा न रडलेलं लेकरू तालुक्याहून यवतमाळला शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवतात. लेकरू बापासोबत किंवा आजीसोबत ॲम्ब्युलन्समध्ये, आई मागं पलंगावर. वणीकडचे लोक चंद्रपूर गाठतात, उमरखेडकडचे नांदेड. अशा वेळी पहिला तास रस्त्यातच जातो. लेकराचा जीव आधी, हे बरोबरच. पण आईलाही सोबत नेता येईल का, तिचं दूध काढून वाटी-चमच्यानं देता येईल का, हे विचारणारं कुणी पाहिजे. काचेच्या पेटीतल्या लेकराला तर आईच्या दुधाची जास्त गरज असते. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये दुधाची पेढी सुरू केली, आशियातली पहिली, ती अशाच लेकरांसाठी.

चौथं, आपण. मध, गूळपाणी, साखरपाणी, घुटी, शेळीचं दूध. प्रत्येक घराचं वेगळं. कुठं आत्या येईपर्यंत थांबायचं, कुठं 'तिसऱ्या दिवशी दूध उतरते, तोवर पाणी पाजा'. दूध भरपूर यायला दोन-तीन दिवस लागतात हे खरंच आहे. पण तोवर छाती रिकामी नसते, चीक असतोच. आणि बाळ जितकं लवकर अन् जितक्या वेळा चोखेल, तितकं दूध लवकर येतं. आपण 'दूध नाही म्हणून वरचं' देतो, वरचं मिळालं म्हणून लेकरू चोखत नाही, चोखत नाही म्हणून दूध येत नाही. मग म्हणतो, बघा, मी म्हटलं होतं न, हिले दूधच नाही. मधाचं तर डॉक्टर स्पष्ट सांगतात, वर्षाच्या आतल्या लेकराला मध देऊच नये, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते.

इथं एक आठवण करून देतो. ३१ जानेवारी २०२१. आपल्याच जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात, पोलिओच्या डोसऐवजी १२ लेकरांना सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. देशभर बातमी झाली, कारवाई झाली, आणि व्हायलाच पाहिजे होती. लेकराच्या तोंडात भलतंच गेलं म्हणून आपण सगळे हादरलो होतो. दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असं मी म्हणत नाही. पण जन्मल्या जन्मल्या लेकराच्या तोंडात पहिलं काय जातं, हा प्रश्न एका दिवसापुरता पडून चालत नाही. रोज होणारी गोष्ट बातमी होत नाही, हा आमच्या धंद्याचा दोष आहे, मान्य करतो.

पाचवं, डबा. आपल्या देशात १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. पावडरचं दूध आणि दुधाची बाटली यांची जाहिरात करता येत नाही, फुकट नमुने वाटता येत नाहीत, डॉक्टर-नर्सना भेटी देता येत नाहीत. डबा विकायला बंदी नाही आणि काही लेकरांना तो खरंच लागतो. पण 'आई दमली आहे' हे डब्याचं कारण होऊ शकत नाही. माझ्या हातात चिठ्ठी आली तेव्हा मी एकच प्रश्न विचारायला पाहिजे होता, "आईजवळ नेऊन पाहिलं का?" मी विचारला नाही.

सहावं, भाषा आणि वेळ. झरी, मारेगाव, केळापूर, घाटंजीच्या कोलाम पोडांवरची बाई घरी कोलामी बोलते. पुसद, दिग्रस, दारव्हा, महागावच्या तांड्यावरची बाई गोरमाटी बोलते. भिंतीवरचं पोस्टर छापील मराठीत. आणि समजावणं कधी? कळा सुरू झाल्यावर. तेव्हा कुणाच्या डोक्यात काय जाणार? आणि ज्या सासूला, ज्या नवऱ्याला सांगायला पाहिजे, ते बाहेर चहा पीत असतात.

तर उपाय काय? फार पैसा लागत नाही. केंद्र सरकारचा 'मा' कार्यक्रम ऑगस्ट २०१६ पासून आहेच, स्तनपानासाठीच काढलेला. २०१७ पासूनचा 'लक्ष्य' कार्यक्रम आहे, लेबर रूम सुधारण्यासाठी. त्यात बाळंतिणीसोबत तिच्या ओळखीची एक बाई असावी आणि तासाभरात पाजलं का हे मोजावं, असं आहे. म्हणजे कागदावर सगळं आलेलं आहे. मला चार गोष्टी प्रत्यक्षात पाहिजेत.

एक. डिस्चार्ज कार्डावर जशी जन्माची वेळ आणि वजन लिहितात, तशी शेजारी पहिल्यांदा पाजल्याची वेळ लिहा. सरकारी असो की खाजगी. घड्याळातली वेळ, नुसतं 'हो' नाही. जी गोष्ट लिहावी लागते ती करावी लागते. महिन्याला आकडा काढा आणि दवाखान्यात फळ्यावर लावा.

दोन. लेबर रूममध्ये सोबतीण येऊ द्या. आई, सासू, बहीण, जिच्यावर बाळंतिणीचा विश्वास आहे ती. सिस्टर एकटी असेल तर छातीवरचं लेकरू धरायला हेच दोन हात कामी येतील. आणि सिझरच्या वेळी लेकरू बाहेर नातेवाईकांना दाखवायला आणण्याआधी आईला लावा.

तीन. सातव्या महिन्यातच समजावणं करा, सासू आणि नवऱ्याला समोर बसवून, त्यांच्या भाषेत. आशाताईच हे करू शकतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू कमी करून दाखवले, १९९९ मध्ये ते जगातल्या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आशाताई आज तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी येतात त्याचं मूळ तिथं आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं तर त्यांची पहिली भेट तिसऱ्या दिवशी. म्हणजे पहिल्या तासाचं काम त्यांना बाळंतपणाच्या आधीच करावं लागणार, आणि त्यासाठी त्यांना वेळ आणि वेळेवर मोबदला पाहिजे.

चार. डब्याची चिठ्ठी आली तर तिच्यावर कारण लिहिलेलं पाहिजे. कारण खरं असेल तर लिहायला कुणाला अडचण नसावी.

आणि आपल्या घरात? बापांनो, तुमचं काम सोपं आहे. दाराशी उभं राहा. लेकरू बाहेर आणलं तर हात जोडून म्हणा, "सिस्टर, आधी आईजवळ न्या, आम्ही नंतर पाहू." मधाची बाटली आईनं, आत्यानं काढली तर तुम्हीच घ्या आणि खिशात टाका. शिव्या खा. फोटो तासाभरानंही चांगले येतात.

एक गोष्ट मुद्दाम लिहितो. ज्या आयांना पहिल्या तासात पाजता आलं नाही, त्यांनी हे वाचून मनाला लावून घेऊ नये. काही लेकरांना खरोखर लगेच उपचार लागतात, काही आयांची तब्येत नाजूक असते. उशीर झाला म्हणून सगळं संपलं असं नसतं. माझ्या घरी दीड महिन्यानंही जमलं. जेव्हा जमेल तेव्हा सुरू करा आणि शिकवणारं माणूस शोधा. अपराधी वाटून घ्यायचं असेल तर ते आम्हा बाहेर उभ्या असलेल्यांनी घ्यावं.

यंदा ऑगस्टमध्ये प्रेसनोट आली तर मी ती लावणार नाही असं नाही. लावीन. पण आधी एक प्रश्न विचारीन, मागच्या महिन्यात तुमच्याकडं किती बाळंतपणं झाली आणि किती लेकरांना तासाभरात पाजलं? आकडा मिळाला तर आकडा छापीन. नाही मिळाला तर 'आकडा उपलब्ध नाही' हे छापीन. माझ्या तालुक्यातल्या पत्रकार मित्रांनीही एवढं करावं, ही विनंती.

त्या रात्रीचं राहिलं. साधारण तीनला दार उघडलं. सिस्टरनं ताईला आत बोलावलं. मी दारातूनच पाहिलं, भाची पडलेली, छातीवर लेकरू, दोघींवर चादर. लेकरू पिऊन झोपलेलं. ताई पलंगाशी उभी राहिली, बराच वेळ काही बोलली नाही. मग वाकून तिनं लेकराच्या ओठाला लागलेला पिवळा थेंब बोटानं पुसला आणि लेकीला म्हणाली, "खरंच पिलं वं हे."

बाहेर आल्यावर पिशवीतली मधाची बाटली तिनं माझ्याकडं दिली. म्हणाली, "घे, तुया चहात टाक."